साधा विवाह आणि विधिकर्त्याचे उत्तरदायित्व

विवाहातील खर्च, हुंडा आणि मानपान यांच्याविरुद्ध मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. त्या मानाने विवाह लावणाऱ्या व्यक्तीचा विचार फारसा झालेला नाही. पुरोहिताचे अस्तित्व आपण गृहीत धरतो आणि सुधारक झालो तर त्याला वगळतो. परंतु त्याला वगळल्यावर त्याच्या जागी जो कोणी उभा राहतो त्याचे काम नेमके काय, ते किती काळ चालते आणि कोठे संपते, हे प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतात. साध्या विवाहाची जी परंपरा महाराष्ट्रात १८७३ पासून निर्माण झाली, तिच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवाहातील आडंबर जितके कमी होते तितके विधिकर्त्याचे उत्तरदायित्व वाढते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रश्नाची भूमी

हा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील मराठी वस्त्यांत अधिक तीव्रतेने जाणवतो. छत्तीसगढाशी मराठीचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत तो ज्या मध्यप्रांताचा भाग होता, त्याची राजधानी नागपूर हीच होती. भिलाईचा इतिहास मात्र निराळ्या प्रकारचा आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून कामगार आणि तंत्रज्ञ येथे आले. विदर्भातील कुटुंबेही त्यांत होती. भिलाई-दुर्ग या जुळ्या नगरांच्या परिसरातील बोरसीसारखी जुनी गावे हळूहळू नागरी वस्तीत सामावली गेली.

अशा वस्तीत शेजारी असतात, सहकारी असतात. परंतु भाऊबंदकी नसते. मूळ गावी नवराबायकोत खटका उडाला तर मध्यस्थीसाठी आत्या, मामा, थोरली जाऊ किंवा गावातील एखादा वृद्ध पुढे होत असे. त्या मध्यस्थीत जाचही पुष्कळ होता आणि तिचे ओझे बहुतेक वेळा सुनेच्याच डोक्यावर पडे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीसुद्धा ती एक व्यवस्था होती. कारखान्याच्या पाळीपाळीने चालणाऱ्या जीवनात, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या दांपत्याला तिचा जाच नसतो आणि आधारही नसतो. विवाह छोटा आणि साधा झाला की साक्षीदारांचे वर्तुळही आकुंचित होते. म्हणून साधेपणाच्या पुरस्कर्त्याने त्याच्या या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे.

२. सत्यशोधक विवाह : शब्दांची मालकी

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा निंबणकर. ब्राह्मण पुरोहित नव्हता, हुंडा नव्हता. खर्च जवळजवळ पानसुपारीपुरताच होता. पुढे १८८७ मध्ये फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या मंगलाष्टकांची आणि पूजाविधींची पुस्तिका प्रसिद्ध केली.

या पद्धतीचे महत्त्व केवळ काटकसरीत शोधणे हा तिच्यावर अन्याय होईल. संस्कृत मंत्र पुरोहित उच्चारतो आणि वधूवर त्याच्या सूचनेनुसार हात पुढे करतात, पाणी सोडतात, अक्षता टाकतात. बोलणारा एक आणि बांधले जाणारे दोघे निराळे, अशी जुनी स्थिती होती. फुले यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर हेच बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तेव्हा त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, अशी मागणी वधू करते आणि वर तशी प्रतिज्ञा करतो. विवाह हा येथे दोन बोलक्या व्यक्तींमधील करार होतो. ज्याने जे शब्द समजून उच्चारले त्याला त्या शब्दांचा जाब विचारता येतो. न समजलेल्या शब्दांचा जाब कोणी कोणाला विचारावा?

आणखी एका प्रसंगाची नोंद येथे घेणे अगत्याचे आहे. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव व सावित्रीबाई यांचा दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला. या मुलीला सावित्रीबाईंनी विवाहापूर्वीच आपल्या घरी आणले होते, असे चरित्रकार सांगतात. तिचे शिक्षण व्हावे आणि भावी पतिपत्नींची परस्परांशी ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा वधूवरांनी परस्परांचे तोंडही अंतरपाट दूर झाल्यावरच पाहावयाचे असा प्रघात होता, तेव्हा हे पाऊल किती धाडसाचे होते हे सांगावयास नको. विवाहविधी बदलला की विवाहाच्या अलीकडचा आणि पलीकडचा काळही बदलावा लागतो, हे त्या दांपत्याने ओळखले होते.

या सुधारणेला विरोध झाला तो केवळ धर्मभावनेतून झाला नाही. गावचा जोशी हा वतनदार होता आणि विवाहाची दक्षिणा हा त्याचा हक्क मानला जात असे. १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरची लग्ने ब्राह्मणावाचून लावली, तेव्हा हा वाद न्यायालयात गेला. ज्याला बोलावलेच नाही त्या पुरोहितालाही दक्षिणा मागता यावी, या समजुतीला मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने आळा बसला. आपला विवाह कोणी लावावा हे ठरविण्याचे साधे स्वातंत्र्य मिळण्यास अर्धशतक लागले, हे आज सहज विसरले जाते.

३. बौद्ध विवाहविधी : प्रतिज्ञांचे दशक

साध्या विवाहाचे दुसरे मोठे पर्व १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर सुरू झाले. विदर्भातून भिलाईकडे येणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही परंपरा विशेष निकटची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या अवघे काही दिवस आधी, लिहिलेल्या एका पत्रात बौद्ध विवाहाचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट केले. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाटावर मातीचे नवे, पाण्याने काठोकाठ भरलेले मडके ठेवावे. त्यात सोडलेल्या सुताचे एकेक टोक दोघांनी हाती धरावे. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे शुभ्र असावीत. मडके, पाणी आणि सूत या तीन वस्तू दरिद्री घरातही मिळतात, हे या विधीचे सामर्थ्य आहे.

आज प्रचलित असलेल्या विधीत त्रिशरण, पंचशील, पुष्पहारांची देवघेव आणि जयमंगल अष्टगाथा यांच्या जोडीला वधूवरांच्या प्रत्येकी पाच प्रतिज्ञा असतात. त्यांचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हा आहे. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, व्यभिचार न करणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि यथाशक्ति वस्त्रालंकार देणे ही पतीची कर्तव्ये. तर घरकाम नीट पाहणे, उभयतांच्या नातलगांचे आदरातिथ्य करणे, एकनिष्ठ राहणे, मिळकतीचे रक्षण करणे आणि दक्षतेने वागणे ही पत्नीची. आजच्या दृष्टीने या कर्तव्यांची वाटणी पुन्हा तपासून पाहावी असे कोणास वाटेल, आणि ते गैरही नाही. दोघेही पाळीवर जात असताना घरकाम एकीच्याच वाट्याला का यावे? तथापि कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत आणि ती संख्येने समान आहेत, हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

हा विधी लावणारा बौद्धाचार्य हा आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तो जन्मसिद्ध अधिकाराचा पुरोहित नाही. संसारी गृहस्थ आहे. भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरांत शिक्षण घेऊन तो हे काम करतो आणि एरव्ही तो कारखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात नोकरी करीत असतो. ज्या दांपत्याचा विवाह तो लावतो त्याच्याच वस्तीत तो पुष्कळदा राहतो. म्हणजे विवाहानंतरही तो त्यांच्या दृष्टिपथात राहतो. ही जवळीक हेच त्याचे भांडवल होय.

पौरोहित्याचा हा विस्तार वैदिक परंपरेतही झालेला दिसतो. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला, आणि ज्ञान प्रबोधिनीच्या संत्रिका विभागाने जातीचा व लिंगाचा निर्बंध दूर सारून, मंत्रांचा मराठी अर्थ सांगत विवाह लावण्याची पद्धत रूढ केली. मार्ग निराळे असले तरी वधूवरांना कळेल असे बोलावे, हा आग्रह सर्वत्र एकच आहे.

४. साधेपणा आणि कायदा

विधी साधा करताना एक धोका असतो आणि तो विधिकर्त्यास ठाऊक असलाच पाहिजे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे विवाह लागला पाहिजे. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलास विवाह पूर्ण होतो. तमिळनाडूने १९६७ च्या अधिनियमाने स्वाभिमान विवाहास स्पष्ट मान्यता दिली. सत्यशोधक विवाहासाठी असे स्वतंत्र कलम नाही. रूढीच्या आधारावरच त्याची वैधता उभी राहते.

याचे परिणाम कसे होतात हे भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या निर्णयावरून दिसते. पहिली पत्नी असताना केलेला दुसरा विवाह अगदी अल्प विधींनी उरकण्यात आला होता. आवश्यक विधी झाल्याचे अथवा ते रूढीने वगळले गेल्याचे सिद्ध न झाल्याने द्विभार्याप्रतिबंधाचा आरोप टिकला नाही. तांत्रिक दृष्ट्या निर्णय योग्यच होता. पण पुरुष सुटला आणि दोन स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न उरतोच. उलट दिशेने, केवळ प्रमाणपत्र मिळविले आणि कोणताही विधी केला नाही तर तो हिंदू विवाह होत नाही, असे त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले आहे.

सर्वांत निर्धोक मार्ग विशेष विवाह अधिनियम १९५४ चा आहे. नोटीस, तीस दिवसांची मुदत, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार, एवढ्यावर तो पूर्ण होतो. वधूवरांनी आपापल्या भाषेत परस्परांचा स्वीकार उच्चारावयाचा असतो. १८७२ च्या मूळ कायद्यात, हिंदू अथवा अन्य प्रमुख धर्म आपण मानीत नाही असे जाहीर करावे लागे. ही अट हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती १९२३ मध्ये शिथिल झाली. ती दुरुस्ती घडवून आणणारे हरिसिंह गौर हे मध्यप्रांतातीलच. मात्र तीस दिवसांची जाहीर नोटीस आंतरजातीय अथवा आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या मुलामुलींना संकटात टाकू शकते. विधिकर्त्याने ही बाब त्यांना आधीच सांगावी.

कोणत्याही पद्धतीने विवाह लागो, त्याची नोंदणी झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसे निर्देश सर्व राज्यांना दिले. वधूचे वय अठरा आणि वराचे एकवीस पूर्ण असल्याची खात्री करणे हे तर विधिकर्त्याचे पहिले काम. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार बालविवाह लावणारा स्वतः दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो.

५. विवाहानंतरचा काळ

येथवरचा विचार विवाहाच्या दिवसापुरता झाला. परंतु परंपरेने तरी विवाह एका दिवसाचा कोठे मानला होता? आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहानंतर तीन रात्री, बारा रात्री किंवा वर्षभर व्रतस्थ राहण्याचे सांगितले आहे. मराठी घरांत मांडवपरतणी, पहिला दिवाळसण, पाच वर्षांची मंगळागौर अशी सणांची मालिका होती. या निमित्ताने नवी सून माहेरी जाई, चार बरोबरीच्या मुलींत बसे, मनातले बोले. तिची प्रकृती कशी आहे, चेहरा उतरला आहे काय, हे आईच्या नजरेस पडे. सणाच्या आवरणाखाली ही एक प्रकारची विचारपूसच होती. तिच्यात एक उणीव मात्र होती. ती मुलीची विचारपूस करी, जावयाचा मान राखी. दोघांना एकत्र बसवून त्यांच्या सहजीवनाविषयी विचारणारे कोणी नव्हते.

छत्तीसगढी लोकजीवनात यास पूरक ठरेल अशी एक सुंदर रीत आहे. ती म्हणजे 'मितान बदणे'. महाप्रसाद, भोजली, गंगाजल, जंवारा अशा नावांनी दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्री जोडतात. जात निराळी असली तरी ते नाते रक्ताच्या नात्यासारखे आयुष्यभर, लग्नकार्यात आणि सुतकात, पाळले जाते. जन्माने न मिळालेले नाते निवडून जोडता येते आणि ते निभावता येते, हे या रीतीने सिद्ध केले आहे. सप्तपदीतील सातवे पाऊलही सख्यासाठीच असते, हे येथे आठवावे. भाऊबंदकीपासून दूर असलेल्या बोरसीतील दांपत्याला अशा निवडलेल्या नात्यांचीच गरज असते, आणि विधिकर्ता हा त्यांतील पहिला असू शकतो.

साधा विवाह म्हणजे एकाकी विवाह असा अर्थ होऊ नये, याला एका अमेरिकन पाहणीचाही आधार देता येईल. अँड्र्यू फ्रान्सिस-टॅन आणि ह्यूगो मियालॉन या अर्थशास्त्रज्ञांनी तीन हजारांहून अधिक विवाहितांची माहिती तपासली. समारंभावरील खर्च जास्त असलेल्यांत विवाह मोडण्याचे प्रमाण अधिक दिसले. मात्र उपस्थितांची संख्या जास्त असलेल्यांत ते कमी दिसले. हा कार्यकारणभाव नव्हे, आणि परक्या समाजातील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावताही येणार नाही. तरी त्यातून सुचणारी गोष्ट विचारार्ह आहे : खर्च कमी करावा, माणसे कमी करू नयेत. जेवणावळ नसेल तर नसो. चहा आणि चिवड्यावर पन्नास माणसे उभी राहिली तरी ती साक्षीदारच होत.

६. विधिकर्त्याचे काम आणि त्याच्या मर्यादा

वरील विवेचनावरून विधिकर्त्याच्या कामाचे तीन टप्पे पाडता येतात. पहिला विवाहापूर्वीचा. दोघांची एकेकट्याने आणि नंतर एकत्र भेट घ्यावी. एकेकट्याची भेट यासाठी की संमती खरी आहे किंवा नाही हे इतरांसमोर कळत नाही. एकत्र भेटीत पगार कोणाच्या हाती राहणार, दोन्हीकडच्या आईवडिलांना पैसे कसे पाठविणार, नोकरी कोणी बदलावयाची झाल्यास कोणी, मूल केव्हा, असे प्रश्न मोकळेपणाने पुढे ठेवावेत. उत्तरे विधिकर्त्याने देऊ नयेत. ज्या प्रश्नावर दोघेही गप्प होतात तो प्रश्न त्यांना दाखवून देणे पुरेसे आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून ज्या विषयांना वाचा फोडली, ते आजही पुष्कळ घरांत उच्चारले जात नाहीत, हे ध्यानात असावे.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष विधीचा. तो अर्ध्या तासाचा असला तरी घाईचा नसावा. प्रतिज्ञा दोघांनी आदल्या दिवशी वाचलेल्या असाव्यात, शक्य तर स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असाव्यात, आणि सभेत स्वतःच्या आवाजात म्हटलेल्या असाव्यात. उपस्थितांनाही एक प्रश्न विचारावा : या दोघांच्या अडचणीत तुम्ही त्यांच्या पाठीशी राहाल काय? त्या प्रश्नाला मिळणारा होकार हाच खरा आहेर होय.

तिसरा टप्पा विवाहानंतरचा. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने अशा तीन भेटी आधीच ठरवून ठेवाव्यात. ठरलेल्या भेटीचा लाभ असा की तक्रार नसतानाही बोलता येते. तक्रार घेऊन येणे ज्याला कमीपणाचे वाटते त्यालाही दार उघडे राहते. या भेटीत त्यांच्याच हाताने लिहिलेल्या प्रतिज्ञा त्यांच्यापुढे ठेवाव्यात. कोणते वचन पाळणे सोपे गेले, कोणते जड गेले, कोणते बदलावेसे वाटते, एवढेच विचारावे. पाळ्या निराळ्या असल्याने आठवडाभर एकत्र जेवणच झाले नाही, अशी साधी गोष्टही अशा वेळी बाहेर येते आणि तिच्यावर उपाय दोघे स्वतःच शोधतात. लहान दुरावा लहान असतानाच त्याला शब्द मिळणे, हे फार मोठे साहाय्य आहे.

या कामाची सीमारेषाही स्पष्ट असली पाहिजे. विधिकर्ता न्यायाधीश नाही आणि समेट घडविणे ही त्याची प्रतिष्ठा नाही. मारहाण, धमकी, हुंड्याची मागणी किंवा कोंडून ठेवणे यांची शंका आली की सहजीवनाचा उपदेश तेथेच थांबवावा. 'थोडे सांभाळून घ्या' हे वाक्य अशा प्रसंगी किती स्त्रियांच्या जिवावर बेतले असेल! तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाखालील संरक्षण अधिकारी, पोलीस आणि वकील यांच्याकडे तिला पोहोचविणे एवढेच कर्तव्य उरते. मनोविकार किंवा व्यसन असेल तर वैद्याकडे पाठवावे. आणि विचारपूर्वक दोघांनी वेगळे होण्याचे ठरविले, तर आपण लावलेला विवाह मोडला म्हणून विधिकर्त्याने तो आपला पराभव मानू नये. १९८४ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांत समुपदेशनाची सोय असते. तो मार्गही त्याने सांगता येईल इतका ठाऊक करून घ्यावा.

समारोप

जुन्या पुरोहिताचे काम दक्षिणा घेतल्यावर संपत असे, कारण विवाहास भक्कम करणाऱ्या इतर शक्ती, म्हणजे कुळ, जात, गाव आणि कित्येकदा धाकही, त्याच्या मागे उभ्या होत्या. फुले आणि आंबेडकर यांनी त्या धाकापासून विवाहाला सोडविले आणि त्याचा भार दोन माणसांच्या समजून दिलेल्या शब्दावर ठेवला. हे मोठे स्वातंत्र्य आहे. परंतु शब्द दिला की तो आठवून देणारा कोणीतरी लागतो. रागावून नव्हे, उपदेश करून नव्हे, ओळखीच्या माणसासारखा दारात येऊन. घरापासून दूर, कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या वस्तीत असे एखादे माणूस असेल, तर मातीचे मडके, पाणी आणि सूत एवढ्या सामग्रीवर लागलेला विवाहही पुरेसा समृद्ध म्हणता येईल.